पीएचडी की डीएनपी? नर्सिंगच्या डॉक्टरेटचा घोळ आणि रजिस्ट्रेशनपर्यंतचं सगळं

गेल्या महिन्यात माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन कन्फर्म झाल्याचं पत्र आलं. पदवी अजून लांब आहे, डेटा गोळा करायला आत्ता कुठं सुरुवात होणार, पण इथपर्यंत यायलाच दोन वर्षं गेली आणि त्यातले सुरुवातीचे कितीतरी महिने नुसते 'पीएचडी की डीएनपी', म्हणजे संशोधनाची डॉक्टरेट की पेशंटजवळच्या प्रत्यक्ष कामाची, यातच गेले. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी पट्ट्यात एमएससी नर्सिंग झालेल्या पोरी-पोरं पुष्कळ आहेत आणि अधूनमधून कुणाचातरी फोन येतोच, मॅडम पुढं काय करू. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मोठं झालंय, सवडीनं वाचा.

माझं थोडक्यात. दहावीपर्यंत खानापुरात मराठी मीडियम, बीएससी आणि एमएससी बेळगावात राहून, एमएससीचा विषय मेडिकल सर्जिकल. आधी आयसीयूत ड्युटी केली, मग एका नर्सिंग कॉलेजात लागले. कॉलेजात असले तरी पोरींना पोस्टिंगला घेऊन न्यूरो वॉर्डात रोजचं जाणं-येणं, त्यामुळं वॉर्ड काही सुटला नाही.

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. जांबोटीकडच्या एका मावशींच्या नवऱ्याला लकवा मारलेला, नाकात राईल्स ट्यूब, म्हणजे पोटात पातळ खाणं सोडायची नळी, त्या दिवशी डिस्चार्ज. कागद हातात, खाली गाडी थांबलेली, आणि मावशी माझ्या विद्यार्थिनीला विचारतायत, 'ही नळी घरात गेल्यावर कोण बघणार गे?' शेवटचं फीड चाललेलं. पेशंट सपाट झोपलेला, मावशी सिरिंजचा दट्ट्या अंगठ्यानं जोर लावून दाबतायत, आणि प्रत्येक वेळी पेशंटला ठसका. त्यांनी सिस्टरांचं लांबून बघून बघून शिकून घेतलेलं, मुद्दाम बसवून कुणी शिकवलेलं नव्हतं, वॉर्डात तेवढा वेळ कुणाला असतो. मी थांबवलं, पाठीमागं उशा लावून पेशंटला अर्धवट बसतं केलं, नाकाजवळ नळीवर मार्करनं खूण केली आणि सांगितलं ही खूण बाहेर सरकलेली दिसली तर काहीच घालायचं नाही, सरळ दवाखान्यात फोन. मग दट्ट्या काढून टाकला आणि सिरिंजचं नुसतं नळकांडं वर धरायला लावलं. पेज आपोआप खाली उतरायला लागली. मावशी म्हणाल्या, 'एवढंच होय!' पाच मिनिटांचं काम. पण हेच न कळल्यामुळं घरी फीड छातीत जाऊन न्यूमोनिया होऊन परत येणारे पेशंट मी आयसीयूत असताना बघितलेत. तेव्हापासून डोक्यात बसलं की घरच्या माणसाला डिस्चार्जच्या आधी नीट शिकवायचं याच्यावर काहीतरी करायचं. काय ते मात्र माहीत नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या बॅचची निपाणीची एक मैत्रीण, जी आता टेक्ससमध्ये असते, तिनं डीएनपी पूर्ण केलं. डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस. तिचा पदवीदानाचा हुडवाला फोटो ग्रुपवर आला आणि आम्हा सगळ्यांना एकदम जाग आली, कारण तोपर्यंत नर्सिंगमधली डॉक्टरेट म्हणजे पीएचडी एवढंच आम्हाला ठाऊक. रविवारी सकाळी तिला फोन लावला, तिच्याकडं शनिवारची रात्र, आणि तासभर उलटतपासणी घेतली.

तिनं सांगितलं ते असं. अमेरिकेत डीएनपी ही सगळ्यात वरची क्लिनिकल पदवी. केंटकी विद्यापीठानं २००१ मध्ये पहिला कोर्स सुरू केला, मग २००४ मध्ये तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं ठराव केला की नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः पेशंट तपासून औषध देणारी नर्स) वगैरे ॲडव्हान्स प्रॅक्टिसमध्ये यायचं तर २०१५ पर्यंत डीएनपीच लागावं. ते तसं झालं नाही, आजही मास्टर्सवर नर्स प्रॅक्टिशनर होता येतं. भूल देणाऱ्या नर्सेसचं मात्र पक्कं झालंय, २०२२ पासून नवीन प्रवेश घेणाऱ्यांना तिथं डॉक्टरेटच करावी लागते. डीएनपीत थीसिस नसतो, प्रोजेक्ट असतो, आणि पेशंटांसोबतचे तास मोजून भरावे लागतात, बहुतेक कोर्स बीएससीनंतरचे मिळून १००० तास मागतात.

तिचा प्रोजेक्ट काय होता ऐका, म्हणजे फरक लगेच कळेल. तिच्या क्लिनिकमध्ये शुगरच्या पेशंटांचे पाय तपासायचे राहून जायचे. मोनोफिलामेंटची, म्हणजे बारीक तार टेकवून पायाला कळतंय का ते बघायची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी हे सगळ्यांना माहीत, गाईडलाईनमध्ये लिहिलेलं, नवीन काही शोधायचं नव्हतंच. तिनं काय केलं, तर कॉम्प्युटरवरच्या फाईलमध्ये एक आठवण टाकून घेतली, पेशंट खोलीत आला की नर्सनं आधी चपला-मोजे काढून ठेवायला सांगायचं अशी पद्धत लावली, आणि किती जणांचे पाय तपासले जातात ते दर आठवड्याला मोजत गेली. आकडा हलला नाही की पद्धत थोडी बदलायची, परत मोजायचं. तिथल्या एथिक्सवाल्यांनी ते संशोधन धरलंच नाही, क्वालिटी सुधारणा म्हणून सोडलं. म्हणजे जे आधीच सिद्ध आहे ते आपल्या जागेवर रोजच्या रोज होतंय का, ते बघायचं आणि करून दाखवायचं. पीएचडीवाला याच्या आधीच्या टप्प्यावर असतो, ही तपासणी मुळात उपयोगी आहे का, कुणाला, किती, हे तो शोधतो.

मला डीएनपी फार आवडलं, खोटं कशाला बोलू. मला वॉर्डात राहायचं होतं, मावशींची सिरिंज मला कळत होती, 'कन्सेप्चुअल फ्रेमवर्क', म्हणजे अभ्यासाचा सैद्धांतिक सांगाडा, म्हटलं की एमएससीपासून पोटात गोळा येतो. मग फेब्रुवारी ते मे २०२३ हेच शोधत बसले.

पहिली गोष्ट कळली ती ही की आपल्याकडं इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या कोर्सांमध्ये डीएनपी नाही. प्रॅक्टिसच्या बाजूचं सगळ्यात जवळचं म्हणजे कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, तो २ वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आहे, चांगला आहे, हाताला खरं काम आहे, पण तो मास्टर्स लेव्हलचा. एमएससी करून बसलेल्या बाईनं परत मास्टर्स करायचं का हा प्रश्न येतो, आणि करून आल्यावर त्या नावाची पोस्ट किती हॉस्पिटलांत आहे हा दुसरा. कमी वयाच्या, आयसीयूची आवड असलेल्या बीएससीवाल्यांनी मात्र याचा नक्की विचार करा.

दुसरं, ऑनलाईन डीएनपी आणि ऑनलाईन पीएचडी विकणारे लोक. एकदा गुगलवर शोधलं की संपलं, महिनाभर फोन येत राहतात. एकीनं मला इतक्या गोड आवाजात सांगितलं की मॅडम, वर्षभरात डॉक्टर लागेल नावापुढं, हप्त्यात भरा. यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च शिक्षणावरच्या केंद्रीय संस्थांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर नोटीस काढून सांगितलंय की परदेशी विद्यापीठाच्या नावानं एडटेक (ऑनलाईन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या जी ऑनलाईन पीएचडी देतात ती मान्य नाही. आणि २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएचडी डिस्टन्स किंवा ऑनलाईन करताच येत नाही, पार्ट टाईम करता येते. हा फरक लक्षात ठेवा, लोक दोन्ही एकच समजतात. पैसे भरायच्या आधी ज्या कॉलेजात नोकरी करायचीय तिथल्या ऑफिसात जाऊन विचारा, ही पदवी सर्व्हिस बुकला चढेल का.

तिसरं, खरंखुरं डीएनपी करायचं तर अमेरिकेत. त्याला आधी तिथलं आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स लागतं, म्हणजे आधी सगळ्या मार्कशीट आणि कौन्सिलच्या कागदांची परदेशी तपासणी, मग त्या लायसन्सची एनसीएलईएक्स परीक्षा. परीक्षेची फी २०० डॉलर, बाहेरच्या देशात सेंटर घेतलं तर वर १५० डॉलर, आपल्याला जवळचं सेंटर बेंगळूर नाहीतर मुंबई. कोर्सची फी बऱ्याच ठिकाणी तीस-चाळीस हजार डॉलर सहज. तिथल्या पीएचडीला पुष्कळ विद्यापीठं फी माफ करून वर स्टायपेंड देतात, डीएनपीला बहुतेक करून आपल्याच खिशातून. मैत्रिणीनं ते नोकरी करत करत फेडलं. माझा मुलगा सहावीत, सासूबाईंचा गुडघा, आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत. एका कागदावर आकडे मांडले, ह्यांनी बघितला आणि म्हणाले, 'तुला जायचं असलं तर बघूया की.' मनापासून म्हणाले, पण मलाच जायचं नव्हतं. मावशी इथल्या, लकवा इथला, मी ह्यूस्टनला जाऊन काय करू?

तरी पीएचडीकडं मन वळत नव्हतं. मला वाटायचं पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं प्रश्नावल्या वाटायच्या, शेवटी एक जाड पुस्तक, ते कपाटात. तसे थीसिस मी बघितलेत, तुम्हीपण बघितले असतील. शोधगंगावर, म्हणजे देशातले पीएचडी थीसिस ठेवलेल्या वेबसाईटवर जाऊन नर्सिंगचे थीसिस उघडून बघा, फुकट आहे. 'अमुकच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा परिणाम' या छापाचे कितीतरी सापडतील. पण त्यातच काही इतके नीट केलेले सापडतात की मला दोन रात्री झोप लागली नाही, हे आपल्यासारख्याच बाईनं नोकरी करून केलंय म्हणून.

जून २०२३ मध्ये एमएससीच्या जुन्या मॅडमना भेटायला गेले, टिळकवाडीत राहतात, आता रिटायर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'तुला आपल्या वॉर्डातलं शिकवणं सुधारायचंय, की अशा शिकवण्यानं पेशंट परत यायचे कमी होतात का ते शोधायचंय?' मी म्हटलं दोन्ही. त्या म्हणाल्या, 'पहिलं करायला पदवी कशाला लागती गे, उद्यापासून कर. सिस्टर-इन-चार्जला सांग, एक चेकलिस्ट कर, मोज. दुसऱ्याला मात्र पीएचडी लागेल, कारण ते तुला येत नाही.'

जरा लागलं, पण बरोबर होतं. स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या पेशंटच्या घरच्यांना शिकवल्यानं नक्की किती फरक पडतो याच्यावर बाहेर अभ्यास आहेत, आणि सगळ्यांचं एकमत नाही. आपल्याकडंच मोठा ट्रायल झालाय, अटेंड नावाचा, वेगवेगळ्या राज्यांतल्या हॉस्पिटलांत मिळून बाराशेवर पेशंट, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. घरच्या माणसाला रिहॅबचं, म्हणजे पेशंटला परत हालतं-चालतं करायचं शिकवून पाठवलं, आणि निकाल काय, तर मृत्यू आणि परावलंबन यात फरक पडला नाही. हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. ज्या गोष्टीवर माझा ठाम विश्वास, तीच एवढ्या मोठ्या अभ्यासात चालली नाही. मग मॅडमचं म्हणणं कळलं. 'शिकवणं चांगलंच असतं' हे धरून चालता येत नाही, काय शिकवायचं, कुणाला, कशाची मोजणी करायची हे आधी शोधावं लागतं. मला नळी, बेडसोअर (पडून पडून होणाऱ्या जखमा) आणि शिकणाऱ्या माणसाची दमछाक याच्यापुरतं बघायचं होतं, ते चालायला लावण्यापेक्षा वेगळं आहे. म्हणजे माझा प्रश्न अजून 'लागू करा' या टप्प्याला आलेलाच नव्हता. जुलैमध्ये ठरलं, पीएचडी, पार्ट टाईम, इथंच. वॉर्डातली चेकलिस्ट मात्र त्याच महिन्यात सुरू केली, कुणाला न विचारता, म्हणजे इन-चार्ज सिस्टरना विचारून.

आता कागदपत्रांकडं येऊ. आमच्या भागात पर्याय म्हणजे बेंगळूरचं राजीव गांधी आरोग्य विद्यापीठ, बेळगावातलंच केएलईचं अभिमत विद्यापीठ, आणि मग धारवाड, मंगळूर, सांगली-कराडकडची विद्यापीठं. शिवाय नर्सिंग कौन्सिलनं राजीव गांधी विद्यापीठासोबत उभा केलेला पीएचडीचा नॅशनल कन्सोर्शियम, म्हणजे संस्थांनी मिळून चालवलेला कार्यक्रम आहे. जाहिराती वेगवेगळ्या महिन्यांत निघतात, वेबसाईट बघत राहावं लागतं, व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नका. मी कुठं घेतलं ते लिहीत नाही, कारण कुणाची जाहिरात करायची नाही आणि तक्रारपण.

फॉर्म सप्टेंबर २०२३ मध्ये भरला, फी दोन हजारांच्या आसपास. एमएससीला ५५ टक्के लागतात. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावानं. माझी एमएससीपर्यंतची कागदं माहेरच्या नावानं, आधार सासरच्या, आणि कर्नाटक नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर तिसरंच स्पेलिंग. चन्नम्मा सर्कलजवळ कोर्टाच्या आवारात नोटरी बसतात, तिथं ई-स्टॅम्पवर ॲफिडेव्हिट करून घेतलं, एकाच वेळी चार-पाच प्रती नोटरी करून ठेवा, प्रत्येक टेबलावर ओरिजिनल मागतात. कौन्सिलकडं एमएससीची जादा पात्रता म्हणून नोंद झालीय का ते आधीच बघा, पुष्कळांची नुसती बीएससीवरच असते. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, त्याला वेळ धरून चला. जातीचा दाखला नाडकचेरीतून आरडी नंबरचा लागतो, जुना पिवळा पडलेला चालत नाही. मी गेले तेव्हा सर्व्हर डाऊन, 'नाळे बन्नी अक्का' (उद्या या ताई), आणि ते उद्या काही दिवस लांबत गेलं.

नोकरी करून करणाऱ्यांना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एनओसी. नुसतं 'आमची हरकत नाही' चालत नाही. यूजीसीच्या नियमात लिहिलंय, त्यात तीन गोष्टी लागतात: पार्ट टाईम करायला परवानगी आहे, अभ्यासाला पुरेसा वेळ देता येईल असं कामाचं स्वरूप आहे, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू. तिसऱ्या वाक्यावर मॅनेजमेंट अडतं. आमच्याकडंपण अडलं, बरेच दिवस फाईल टेबलावर पडून. शेवटी नियमाचं पान झेरॉक्स काढून त्याच्यावर पिवळा मार्कर मारून नेऊन दिलं, मग सही झाली. तुम्ही पहिल्याच दिवशी न्या.

गाईडचं गणितपण समजून घ्या. एका वेळी प्रोफेसरला ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ विद्यार्थी एवढीच मर्यादा, आणि ज्यांच्या रिटायरमेंटला ३ वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन घेता येत नाहीत. त्यामुळं 'त्या मॅडम फार चांगल्या आहेत' एवढ्यावर फॉर्म भरू नका, त्यांच्याकडं जागा आहे का ते विचारा, यात लाजायचं काही नाही.

एन्ट्रन्स नोव्हेंबरमध्ये. अर्धा पेपर रिसर्च मेथडॉलॉजी, अर्धा विषयाचा, पास व्हायला ५० टक्के, राखीव गटांना ५ टक्के सूट. पुढं लेखी ७० आणि इंटरव्ह्यू ३० असं वजन धरतात. मी पहाटे साडेचारला उठून स्टॅटिस्टिक्स केलं, टी टेस्ट कधी आणि 'काय-स्क्वेअर' टेस्ट कधी, एमएससीला पाठ केलेलं सगळं विसरलेलं. सासूबाई चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, 'डॉक्टर झालीस म्हणजे इंजेक्शन तूच देणार काय मग?' मी आत्तापण तेच देते म्हटलं.

इंटरव्ह्यू जानेवारी २०२४ मध्ये. पाच जण टेबलापलीकडं. एका सरांनी विचारलं, हे तर क्वालिटी प्रोजेक्ट वाटतंय, यात नवीन ज्ञान काय? मी वर्षभर ज्याच्यात अडकले होते तोच प्रश्न, त्यामुळं उत्तर घडाघडा आलं, अटेंड ट्रायलचं सांगितलं, त्यात काय मोजलं नव्हतं ते सांगितलं. डीएनपी शोधण्यात गेलेले महिने वाया गेले नाहीत ते इथं कळलं. फेब्रुवारीत प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन. वर्षाची फी पन्नास-साठ हजारांच्या घरात आहे, एकदम भरावी लागते, भिशी मोडली.

कोर्सवर्क म्हणजे कमीत कमी १२ क्रेडिट, त्यात रिसर्च आणि पब्लिकेशन एथिक्स सगळ्यांना सक्तीचं, पास व्हायला ५५ टक्के. शनिवार-रविवार क्लास, काही आठवडे सलग. थिअरीच्या पेपरला नर्सिंगचा सिद्धांत मांडणारी ओरेम परत आली. ओरेमच्या सिद्धांतात स्वतःची काळजी स्वतः न घेऊ शकणाऱ्या माणसासाठी दुसऱ्यानं घेतलेली काळजी असा एक भाग आहे, आणि एमएससीला घोकताना कधी कळलं नव्हतं ते मावशी डोळ्यांसमोर ठेवून वाचल्यावर सरळ कळलं. फ्रेमवर्क तेच घेतलं.

सिनॉप्सिसनं, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यानं मात्र दमवलं. मूळ कल्पनेत मला सगळंच हवं होतं: राईल्स ट्यूब, बेडसोअर, कॅथेटर, फिजिओ, मनाची उभारी. कमिटीनं कापत कापत नळीतून फीड आणि कूस बदलणं एवढ्यावर आणलं. आऊटकम, म्हणजे मोजायचे परिणाम, तीन: छातीत इन्फेक्शन, बेडसोअर, आणि घरच्या माणसावरचा ताण. ताण मोजायला झरिट बर्डन इंटरव्ह्यू नावाची प्रश्नावली आहे, ती कॉपीराइटची, मॅपी रिसर्च ट्रस्टकडून परवानगी काढावी लागते, वेबसाईटवर खातं काढून अर्ज. नेटवर पीडीएफ सापडली म्हणून वापरू नका, पुढं पेपर छापताना अडतं. सॅम्पल साईज बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांनी काढून दिला. त्यांच्याकडं आधी तीन-चार पेपर वाचून आणि आपला मुख्य आऊटकम ठरवून जा, नुसतं 'सर किती घेऊ' म्हटलं की ते वैतागतात.

मग चंदगडचा मुद्दा निघाला. आमच्या वॉर्डात सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडचे पेशंट पुष्कळ, आणि मला डिस्चार्जनंतर घरी जाऊन बघायचं होतं. खानापूर तालुक्यात जायला शक्ती योजनेची बायकांना फुकट बस आहे, आधार दाखवलं की झालं, पण ती कर्नाटकातल्या कर्नाटकात. पैशापेक्षा वेळेचा प्रश्न, ड्युटी करून चंदगडच्या एखाद्या वाडीवर जाऊन संध्याकाळी परत येणं होत नाही. तिकडचे वगळा म्हणाले कमिटीवाले. मला पटेना, कारण नेमकी तीच माणसं दवाखान्यापासून लांब, त्यांनाच नळीची भीती जास्त. शेवटी घरभेट फक्त बेळगाव जिल्ह्यात आणि बाकीच्यांना व्हिडिओ कॉल असं ठरलं, आणि जादा शिकवायचा आणि नेहमीचंच शिकवायचा अशा दोन्ही गटांत तसे पेशंट सारखे वाटले जातील असं रँडमायझेशन, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. हे सगळं ठरवताना मला पहिल्यांदा वाटलं की हां, हे मला खरंच येत नव्हतं.

एथिक्स कमिटीकडं ऑक्टोबर २०२४ मध्ये. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत, दोन्हींचं उलट भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्यांची सर्टिफिकेटं. कमिटीत डॉक्टरांशिवाय वकील आणि एक सामान्य माणूस असतो, आणि सगळ्यात अवघड प्रश्न त्या सामान्य माणसानंच विचारला: 'दुसऱ्या गटाला तुम्ही नळी नीट धरायला शिकवणारच नाही काय?' सगळे गप्प. मी सांगितलं की वॉर्डातलं नेहमीचं शिकवणं आणि ती चेकलिस्ट दोन्ही गटांना आहे, अभ्यासाचा भाग म्हणजे त्याच्या वरचं करून दाखवणं, परत करून घेणं आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा. या दुसऱ्या, म्हणजे कंट्रोल गटाला अभ्यास संपल्यावर तेपण देणार असं लेखी घेतलं आणि मंजुरी दिली. त्यानंतर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंद, फुकट आहे, पण पहिला पेशंट घेण्याच्या आधीच करावी लागते, नंतर घेत नाहीत. प्रश्न विचारून फॉर्म परत पाठवतात, घाबरू नका, उत्तर द्या आणि परत पाठवा. सिनॉप्सिसच्या कॉपी-तपासणीत दुसरीकडच्याशी जुळणारा मजकूर १० टक्क्यांच्या आत लागतो, मेथडॉलॉजीची ठरीव वाक्यंपण त्यात धरली जातात, स्वतःच्या भाषेत लिहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रजिस्ट्रेशन कन्फर्म झाल्याचं पत्र आलं. कमीत कमी ३ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय थीसिस सबमिट करता येत नाही, ती मोजणी प्रवेशापासून, जास्तीत जास्त ६, बायकांना वर आणखी २ वर्षांची सूट मिळते.

पगार किती वाढणार हे सगळे विचारतात. लगेच काही नाही. कौन्सिलच्या नियमात नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्याला एमएससी आणि अनुभव लागतो, पीएचडी असली तर बरी अशी आहे, सक्तीची नाही. तुम्हाला नुसतं प्रमोशन हवं असेल तर आधी तुमच्या संस्थेत पीएचडीला काय मिळतं ते लेखी विचारा. २०२३ मध्ये संसदेनं नर्सिंग कमिशनचा नवा कायदा पास केलाय, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी, त्यातून पुढं प्रॅक्टिसची डॉक्टरेट येईलही, पण ती येणार म्हणून हातातलं वर्ष सोडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आणि डीएनपीला मी नावं ठेवतेय असं नाही. मागच्या आठवड्यात चिक्कोडीच्या एका पोराचा फोन आला. सव्वीस वर्षांचा, बीएससी, आयसीयूत चार वर्षं, इंग्रजी चांगलं, लग्न नाही, आणि पीएचडीसाठी आधी एमएससी कुठून करू विचारत होता. मी विचारलं, तुला काय आवडतं? म्हणाला व्हेंटिलेटर, वीनिंग (पेशंटला हळूहळू व्हेंटिलेटरवरून काढणं), नाईटला एकट्यानं युनिट सांभाळायला. शिकवायला आवडतं काय? नाही. लिहायला? अजिबात नाही. मग पीएचडी कशाला रे? तर घरचे म्हणतात डॉक्टर लागलं पाहिजे. त्याला सांगितलं, एकतर क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स बघ, नाहीतर एनसीएलईएक्स दे आणि तिकडं जाऊन बीएससीवरून थेट डीएनपी कर, आणि घरच्यांना सांग तिथंपण डॉक्टरच लागतं. तो म्हणाला, 'मॅडम तुम्ही स्वतः पीएचडी करताय आणि मला नको म्हणताय.' जरा चिडलेलाच वाटला. मी त्याला टेक्ससच्या मैत्रिणीशी बोलायला लावलंय, रविवारी सकाळी.